जादा रेझिस्टन्स

शिवाजीनगरात रेडिओ दुरुस्त करणारे खंडोजी छापील कागदाला फार मानायचे. लिलावात घेतलेलं, रेडिओतल्या काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, तपासायचं जुनं यंत्र दुकानात आलं तेव्हा त्यांनी आधी सोबतचा जोडणीचा नकाशा पसरला. यंत्रात वीज अडवणाऱ्या एका रेझिस्टन्सला खेटून दुसरा जोडलेला. नकाशात मात्र एकच. कुण्या आडमुठ्याने लुडबुड केलीय, असं पुटपुटत त्यांनी जादाचा काढून टाकला आणि यंत्र कागदाबरहुकूम केलं. त्याचा त्यांना कोण अभिमान!

तेव्हापासून काटा हिरव्यात गेला की व्हॉल्व्ह चांगला, तांबड्यात राहिला की मेला. खंडोजी सांगतील ते लोक मुकाट ऐकायचे.

अठ्ठावन्न साली एका सकाळी खानावळवाली यल्लव्वा पदर खोचूनच दुकानात आली. "अण्णा, तू मेला म्हणून काढलास त्यो व्हॉल्व्ह माझ्या शेजारच्या संताजीनं दुसऱ्या रेडिओत घातला. खणखणीत वाजतोय की! चांगलं मारून नवं खपवतोस व्हय?"

गिऱ्हाइकं ऐकत होती. बाजारभर बोभाटा झाला. खंडोजींना अन्न गोड लागेना. चोर म्हणवून घेण्यापेक्षा दुकानाला कुलूप लावलेलं बरं, असं ते बायकोला म्हणाले.

प्रेमाबाईंना रडगाणं मुळीच खपत नसे. "घरचा रेडिओ नीट वाजतोय ना? मग त्यातले व्हॉल्व्ह घाला तुमच्या यंत्रात. बघू तरी काय म्हणतंय!"

यंत्राने त्यातले दोन सरळ मेलेले ठरवले. खोटं बोलत होतं ते यंत्रच. खंडोजींनी ते उघडलं आणि स्वतः मोकळ्या केलेल्या जागेवर त्यांची नजर अडकली. ती लुडबुड नव्हतीच! नकाशात छापलेली चूक कुणा जाणत्याने यंत्रात सुधारली होती, आणि आपण धडधाकट यंत्र आजारी पाडलं. त्यांनी कपाळावर हात मारला. मग कोऱ्या व्हॉल्व्हला काटा नेमक्या जागी येईपर्यंत निरनिराळे रेझिस्टन्स लावून पाहिले. जमलं, तसे घरचे दोन्ही व्हॉल्व्हही हिरव्यात गेले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी ते यल्लव्वाच्या खानावळीत गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अक्का, चूक माझी. यंत्र मीच बिघडवलं होतं. मी ज्याचा व्हॉल्व्ह मेला म्हटला, त्यानं तो परत आणावा."

अशी वस्तू टाकून कोण देतो? लोकांनी फडताळं धुंडाळली. यल्लव्वाही गंमत बघायला दुकानात येऊन बसली. एकेक व्हॉल्व्ह जिवंत निघू लागला, तसा दुकानात हशा पिकू लागला.

मग म्हातारे जयसिंगराव पुढे आले. त्यांच्या व्हॉल्व्हला काटा जागचा हलेना. खंडोजींनी व्हॉल्व्हच्या पिना पुसल्या, पुन्हा लावून पाहिलं. तेच! आता पुन्हा मेला म्हणायचं? पण खोटं तरी कसं सांगणार?

"जयसिंगराव, हा खरंच गेलाय हो."

सगळ्यांचे डोळे यल्लव्वाकडे वळले.

"अण्णा गेला म्हणतोय न्हवं? मग गेला," ती म्हणाली.

"सरी, बरं तर," जयसिंगराव म्हणाले, "नवा घाल मग, खंडोजी."