साडभाऊंची अँटिबॉडी

पुराव्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा आणि त्यापायी सगळ्या सासुरवाडीला नकोसा झालेला माणूस वर्धा जिल्ह्यात माझ्या थोरल्या साडभाऊंसारखा दुसरा झाला नाही. ते मेडिकल कॉलेजात मेंदूवर संशोधन करीत आणि मी पुलगावच्या शाळेत भूगोल शिकवी. त्यामुळे माझे अज्ञान ते गृहीतच धरत. काढा घेऊन ताप उतरल्याचे सासऱ्यांनी एकदा कौतुकाने सांगितले, तर हे म्हणाले, "अन् ज्यानं काढा पेलाच नाई, त्याचा ताप किती दिवस राह्यला?" पुढे सासरे आजारी पडले तरी यांना कळवू देत नसत. माझ्या मुलीच्या बारशाला कुणीतरी "बापावर गेली हो पोरगी" म्हणाले. यांनी पाळण्यात वाकून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे सांगितले, "तुलना कराले शेजाऱ्याचंही तोंड पाहा लागते." माझी बायको त्यांच्याशी वर्षभर बोलली नाही.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास त्यांना एका प्रथिनाने झपाटले. मेंदूतल्या दोन पेशी जिथे एकमेकींना निरोप देतात, त्या सांध्यात म्हणे ते बसलेले असते. ते दिसायला हवे तर फक्त त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी लागते. "गर्दीतून एकच माणूस हुडकून त्याच्या खांद्यावर हात ठेवणारा शिपाई समजा, मास्तर," त्यांनी मला समजावले. असा एक शिपाई त्यांनी परदेशातून मागवला. तो भर मे महिन्यात स्टेशनच्या पार्सल ऑफिसात पडून राहिला आणि डबा उघडला तेव्हा बर्फाचे कोमट पाणी झाले होते. साडभाऊ संतापले आणि शिपाई घरीच तयार करायचा त्यांनी निश्चय केला.

त्याची रीत अशी: बकऱ्याच्या मेंदूतून ते प्रथिन काढायचे, सशांना टोचायचे, म्हणजे त्यांच्या रक्तात अँटिबॉडी तयार होते. पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेतले यंत्र बंद पडले, तेव्हा यांनी स्वयंपाकघरातला मिक्सर उचलून नेला. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, कट्टर शाकाहारी.

"माह्या चटणीच्या भांड्यात बकऱ्याचा मेंदू?"

"धुऊन देतो ना!"

"काऊन धुता? आता तुमचाही घाला त्याच्यात!"

क्वार्टरमागे सहा ससे आले. पाचांची अँटिबॉडी इतकी मनमिळाऊ निघाली की दिसेल त्याला चिकटायची, निवडणुकीतल्या उमेदवारासारखी. सहावी मात्र एक लठ्ठ, पांढरी मादी होती. तिच्या रक्ताने काचेवर मेंदूच्या कापात नेमके, सुबक तपकिरी डाग उमटले. त्या दिवसापासून साडभाऊ तिला 'बाईसाहेब' म्हणू लागले. अक्काला त्यांनी आयुष्यात तसे म्हटले नव्हते. मग पत्रे गेली, उत्तरे आली, आणि अकरा ठिकाणच्या संशोधकांनी अँटिबॉडी मागितली. साडभाऊंनी ती थर्मासात बर्फ घालून वाटली. एक थर्मास नागपूरला पोचवायचे काम माझ्याकडे आले. रेल्वेच्या डब्यातल्या एका आजोबांनी "अर्धा कप आमालेही द्या" म्हणून माझ्यापुढे कप धरला होता.

साडभाऊंच्या हाताखाली तेव्हा समुद्रपूरकडची एक मुलगी संशोधन करीत होती. बोलायची कमी. एकदा मी तिथे असतानाच तिने विचारले, "सर, सुई टोचण्याआधी बाईसाहेबांचं रक्त घेऊन ठेवलं होतं काय?"

"काऊन?"

"डाग आपल्या टोचण्यानं आले का त्या रक्तात आधीपासूनच होतं काही, हे समजणार कसं?"

आधीचे रक्त घेतलेच नव्हते. उभ्या जगाकडे तुलनेचा पुरावा मागणारा हा माणूस स्वतःच्या सशापुढे आंधळा झाला होता. त्यांनी तिला खोलीबाहेर काढले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच कसोटी लावली. बाईसाहेबांच्या रक्तातले निवळ पाणी, ज्यात अँटिबॉडी असते, ते आधी शुद्ध प्रथिनात मुरवले. अँटिबॉडी खरी असेल तर ती तिथेच अडकेल आणि मग काच कोरी राहील. काच कोरी राहिली नाही. डाग जसेच्या तसे उमटले.

खरे सांगतो, ऐकून मला गुदगुल्या झाल्या. सांत्वनाच्या निमित्ताने मी मुद्दाम वर्ध्याला गेलो. साडभाऊ टेबलाशी बसून अकरा पत्रे लिहीत होते: 'माझ्या अँटिबॉडीवर विसंबू नका. ती खोटी आहे. चूक माझी आहे.' मला पाहताच म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं आहे, पत्ते घाला. जनावराचा काही दोष नाई, हेही लिहिलं मी." गुदगुल्या कुठे गेल्या कळले नाही, मी मुकाट्याने पत्ते घातले.

मग त्यांनी सगळे काम त्या मुलीवर सोपवले. दीडेक वर्षाने मला कार्ड आले: 'येऊन जाजा.' गेलो. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापुढच्या स्टुलावर बसवले.

"काय दिसते, मास्तर?"

"मोहरी सांडल्यासारखे बारीक ठिपके."

त्यांनी काच बदलली. "अन् आता?"

"काहीच नाही."

"हेच पाह्यजे होतं. ही प्रथिनात मुरवलेल्या पाण्याची काच, कोरी राह्यली. हे हिनं केलं."

ती कोपऱ्यात पाठमोरी काचा धूत होती; नळ तसाच वाहत राहिला. साडभाऊंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा पहिली काच लावली आणि माझ्या मागे उभे राहिले. मला त्यातले काही कळत नव्हते, पाहायचे ते पाहूनही झाले होते. पण दुसऱ्याचे काम कुणी पाहावे म्हणून ताटकळत उभा राहिलेला हा माणूस मी प्रथमच पाहत होतो. मी डोळा उचलला नाही.

"निवांत पाहा," ते हळूच म्हणाले.