फाइलच्या डोक्यावरचं नाव

वेबसाइटच्या पानांच्या सजावटीचा कोड आमच्या ऑफिसातली ताई हाताने लिहायची. रंग, अक्षरं, मोकळी जागा, सगळं ओळीओळीने. आणि प्रत्येक फाइलच्या डोक्यावर स्वतःचं नाव घालायची. नव्या साहेबांनी आयती पानं बनवणारं सॉफ्टवेअर तिच्या माथी मारलं.

तिने बटण दाबलं. पान झकास दिसलं. मग तिने आतली फाइल उघडली. एक शीर्षक निळं करायला हा एवढा पसारा, आणि डोक्यावर सॉफ्टवेअरचं नाव!

"ते पुसून तुमचं टाका," साहेब म्हणाले. "आत बघायला कोण जातंय?"

"मी जाते ना!" ताईने अख्खी फाइलच उडवली. "मी न लिहिलेल्यावर माझं नाव लागणार नाही."

"नोकरी जाईल, ताई," साहेबांनी बजावलं.

"जाऊ दे की. नाव माझ्याबरोबर येईल."