नऊ म्हणजे सहा

माझ्या थोरल्या भावाने अठ्ठावीस वर्षं फळ्यावर खोटं लिहिलं, आणि ते सगळ्या किनाऱ्याला ठाऊक होतं. खरं एकदाच लिहिलं. त्या एका दिवसापासून आमचे हे मागच्या खोलीत पडून आहेत, त्याला आता तीन वर्षं झाली. तुम्ही म्हणाल, काय बाई आहे, सख्ख्या भावाबद्दल असं बोलते! बोलते. मी नाही बोलायचं तर कुणी बोलायचं?

दादा किनाऱ्याच्या ऑफिसात कामाला होता. काम काय, तर फळा लिहायचा. गाड्या लावायच्या जागेपासून वाळूत उतरायला पायऱ्या आहेत, त्यांच्या तोंडाशी शाळेत असतो तसा मोठा काळा फळा, वर पत्र्याचं छप्पर. त्यावर रोज सकाळी सहाला चार ओळी: लाट किती फूट, वारा कुठून, ओहोटी कधी, आणि दुपारपर्यंत काय होणार. सर्फिंगला येणारे लोक तो वाचल्याशिवाय वाळूत पाऊल टाकत नसत. आमच्या किनाऱ्याला खडक नाही. लाट फुटते ती पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर, आणि तो मेला कधी एका जागी राहत नाही. आज डावीकडे, आठ दिवसांनी उजवीकडे. म्हणून दादा आधी स्वतः छातीभर पाण्यात जायचा, पायांनी दांडा चाचपायचा, मग ओल्या चड्डीनिशी तिसऱ्या पायरीवर उभा राहून घड्याळात दोन लाटांमधले सेकंद मोजायचा. थंडी असो, अंगात ताप असो, एक दिवस चुकला नाही. एवढा जीव काढून नेमका आकडा हातात आला, की त्याची दीडपट करायचा आणि ती फळ्यावर लिहायचा.

हो, दीडपट. दोनाचे तीन, चाराचे सहा. लहानपणापासूनची खोड. ‘दूध उतू गेलं’ म्हणून ओरडायचा, आई धावत यायची, बघावं तर पातेल्याला नुकती वाफ धरलेली. मला शंभर ताप असला की डॉक्टरांना एकशे तीन सांगून यायचा. माझ्या लग्नाला माणसं दोन तास आधी येऊन बसली, कारण वेळ दादाने कळवली होती. लबाडी नव्हती हो त्यात, निव्वळ भीती. “कमी सांगितलं आणि कुणी बुडालं तर?” तो म्हणायचा. “जास्त सांगून अजून कुणी मेलेलं नाही.”

लोक काय, चार दिवसांत शिकतात. किनाऱ्यावर त्याचं नावच दीडपट पडलं. दीडपटचे सहा म्हणजे चार, दीडपटचे तीन म्हणजे दोन. आमच्याकडे सर्फिंग शिकायला येणारी मुलं हा हिशेब शाळेच्या आधी फळ्यासमोर शिकली. लोक दीडपट म्हणायचे, मी दीडशहाणा म्हणायचे. त्याला दोन्ही चालायचं.

आमचं दुकान पायऱ्यांना लागूनच. पुढच्या भागात भाड्याचे सर्फबोर्ड, मागे राहायला दोन खोल्या. हे शिकवायचे, मी दुकान बघायचे. ह्यांचा आणि दादाचा रोजचा खेळ ठरलेला. हे फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. “बाप रे! आज सहा? मी आपला घरी जातो,” म्हणायचे आणि बोर्ड बगलेत मारून सरळ पाण्यात. मागून दादा ओरडायचा, “हसा भावोजी, हसा!” इतकी वर्षं हाच विनोद, आणि दोघांना रोज नव्याने हसू यायचं. मला मात्र डोक्याला ताप व्हायचा.

मग ऑफिसात नवे साहेब आले, आणि त्यांच्यामागून समुद्रात तरंगणारं ते यंत्र. लाटेचा आकडा थेट लोकांच्या फोनवर. फोन म्हणतो चार, फळा म्हणतो सहा. जुनी माणसं हसून सोडून द्यायची, पण नवखी घाबरून पायरीवरूनच माघारी फिरायची, आणि कुणीतरी साहेबांकडे तक्रार करायचं. साहेबांनी दादाला पत्र दिलं: फळा यंत्राशी जुळला पाहिजे, नाहीतर घरी बसा. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती त्याची.

ते पत्र घेऊन दुपारचा तो माझ्या स्वयंपाकघरात आला. मला वाटतं, धीर दे म्हणून आला असावा. आणि मी काय केलं? मी आधीच पेटलेली. सकाळपासून तीन गिऱ्हाइकं फळा वाचून परत गेली होती. मी त्याच्यावर तोंड सोडलं. “लिही की एकदा खरं! तुझ्या बापाचं काय जातं?” बाप आमचा एकच, हेही रागात विसरले. “तुझ्या भित्रेपणापायी आम्ही का म्हणून उपाशी मरायचं?”

दादाने पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मग म्हणाला, “ठीक आहे. उद्यापासून खरं लिहितो. पण भावोजींना आठवणीने सांग.”

हे तेव्हा घरी नव्हते, तुटलेले बोर्ड दुरुस्तीला टाकायला गेले होते.

“सांगते,” मी म्हणाले.

आणि विसरले. दुसरं काही नाही, विसरले. हे आले, जेवले, दुरुस्तीवाल्याच्या नावाने खडे फोडले, झोपले. भांडणात जिंकले होते ना मी, त्याच तोऱ्यात मीही झोपले.

सकाळी फळ्यावर लिहिलं होतं: आता तीन. अकरानंतर नऊ. ओहोटी, दांड्यावर पाणी कमी. लांब कुठेतरी वादळ झालं होतं, त्याच्या लाटा अकरापर्यंत पोचणार होत्या. दादा एरवी पायरीवर असतो. त्या दिवशी साहेबांनी त्याला वर ऑफिसात बोलावून घेतलं होतं, फळा जुळतोय का ते दाखवायला. हे फळ्यासमोर उभे राहिले. मी शेजारी, हातात दुकानाच्या किल्ल्या. मीसुद्धा वाचलं. आदल्या दुपारी ज्या तोंडाने भांडले, त्याच तोंडाने मी म्हणाले, “नऊ म्हणजे सहा. साडेअकराला क्लास आहे, त्याआधी या.”

इतक्या वर्षांची सवय हो! आकडा डोळ्यांनी वाचायचा आणि मनाने भागायचा. मधे विचार नाहीच. हे म्हणाले, “सहा काय, सहा आपल्या घरचे,” आणि गेले.

सव्वाअकराला नऊची पहिली लाट आली. हे सहाची लाट फुटते त्या जागी थांबले होते, नऊची त्याच्या बरीच आधी फुटते. लाटेने ह्यांना उचललं आणि दांड्यावर डोक्यावर आपटलं. तिथे पाणी गुडघाभर.

मान गेली. खांद्यांखाली काही नाही. बोलतात, गिळतात, डोळे फिरवतात, डाव्या हाताचं एक बोट थोडं हलतं. दर दोन तासांनी मी कूस बदलते. छातीत कफ साठला की यंत्राने ओढून काढते. खोलीत औषधाचा वास आहे, आणि पुढच्या दुकानातून बोर्डाला लावायच्या मेणाचा वास येतो, तो ह्यांना आवडतो म्हणून मधलं दार उघडं ठेवते. खिडकी गल्लीत उघडते. समुद्र दिसत नाही, पण आवाज येतो.

दादाने नोकरी सोडली. फळ्याच्या जागी आता आकड्यांचा स्क्रीन लागलाय. मी विसरले होते, हे दादाला माहीत आहे. आजवर एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर मीही दोन शब्द ऐकवले असते आणि मोकळी झाले असते. ह्यांना मी हॉस्पिटलातच सांगून टाकलं, रडत रडत.  हे छताकडे बघत म्हणाले, “पाण्यात मी गेलो. तू थोडीच ढकललंस?” त्यानंतर तो विषय नाही.

दादा अजूनही पहाटे छातीभर पाण्यात जातो, पायरीवर उभा राहून सेकंद मोजतो. आणि रोज संध्याकाळी पाचला येऊन ह्यांच्या उशाशी स्टुलावर बसतो. उद्या काय होणार ते सांगतो. लाट, वारा, ओहोटी, दांडा कुठे सरकला. अगदी खरं, इंचभर इकडेतिकडे नाही. हे डोळे मिटून ऐकतात. “डावीकडून घेतली असती ती,” म्हणतात. दिवसातला तेवढाच अर्धा तास ह्या खोलीत माणसं राहतात असं वाटायचं.

या वर्षी छाती तीनदा भरली. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर घेतलं. म्हणाले, पुढचा खवळलेला हंगाम काढतील असं धरून चालू नका. मी ह्यांना सांगितलं नव्हतं, पण माणसाला काय कळत नाही? त्याच संध्याकाळी हे म्हणाले, “दादा, एक काम आहे. ज्या दिवशी समुद्र अगदी सपाट असेल, त्या दिवशी मला पाण्यात न्या. माझ्या मोठ्या बोर्डवर उताणा ठेवा. दोघं दोन बाजूंनी धरा. पाच मिनिटं. कानात पाणी गेलं की झालं माझं.”

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, न्या, आता बिघडायचं काय राहिलंय. मी माळ्यावरचा मोठा बोर्ड काढला, पुसला, पट्टे शिवले. किती दिवसांनी मला काही करावंसं वाटत होतं! दादा म्हणाला, “सांगतो की. सपाट असेल तेव्हा सांगतो.”

आणि त्या दिवसापासून आकडे चढायला लागले. उद्या तीन. उद्या साडेतीन, वर वारा. उद्या चार. हे रोज विचारायचे, दादा रोज मान हलवायचा. तीन आठवडे गेले. मी दिवसभर मागच्या खोलीत, पायऱ्यांकडे फिरकतही नव्हते. मला वाटलं, समुद्रच दावा धरून बसलाय.

परवा सकाळी दूध आणायला गेले आणि सहज पायऱ्यांकडून वळले. समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा पडलेला. काठाला नुसती चुळूकभर हालचाल. तिसऱ्या पायरीवर दादा, ओल्या चड्डीत.

माझं डोकंच फिरलं. “काल तू चार सांगितलेस! हे चार?”

तो चड्डीचं पाणी पिळायला लागला.

“तीन आठवडे हेच चाललंय ना तुझं? अरे, माणूस चाललाय! त्याने तुझ्याकडे काय मागितलं? पाच मिनिटं!”

“पलंगावरच्या माणसाला आकडा सांगणं वेगळं,” दादा म्हणाला. “आता माझ्या आकड्यावर भावोजी पाण्यात जाणार. मला नाही जमायचं ते.”

“भित्रा आहेस तू. जन्माचा भित्रा!”

“आहे,” तो म्हणाला. “तू सांग ना त्यांना. मी आडवा येत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत असाच सपाट राहील. मग हंगाम फिरतो. पुढे चार महिने नाही.”

“सांगते,” मी म्हणाले.

दूध घेऊन तरातरा घरी आले. दारातच सांगणार होते. आत आले तर ह्यांना ठसका लागला होता. पाणी पाजताना घोट चुकला होता, मदतीला येणारी बाई पाठ चोळत होती. एक घोट पाणी! ओठ निळे झाले होते. यंत्र लावलं, दहा मिनिटांनी श्वास ठिकाणावर आला. मी बोटं बघत बसले माझी. ह्या हातांनी मी बोर्ड धरणार. एक बाजू मी, एक बाजू दादा. पट्टा सुटला, पाय घसरला, छोटीशी लाट तोंडावरून गेली, तर? ह्यांना तोंड फिरवतासुद्धा येत नाही. दिवसभर मी सांगेन सांगेन म्हणत राहिले आणि दिवसभर काहीतरी काम काढत राहिले.

पाचला दादा आला. स्टुलावर बसला. माझ्याकडे बघितलं आणि समजला. “उद्या चार,” तो म्हणाला, जमिनीकडे बघत.

हे कान देऊन पडले होते. “आवाज नाही आज,” म्हणाले.

“वारा जमिनीवरून आहे,” दादा म्हणाला. “आवाज तिकडे जातो.”

ह्यांनी डोळे माझ्याकडे फिरवले. “तू सकाळी दुधाला गेली होतीस ना? किती होती गं लाट?”

 तीन वर्षं मी दादाला मनात शिव्या दिल्या, भित्रा म्हणून. खरं सांगायला असं काय लागतं, म्हणून. 

“चार,” मी म्हणाले.

ह्यांचे ओठ हलले. भागाकार करत होते. किती दिवसांनी ह्यांच्या तोंडावर जरा हसू आलं. “दीडपटचे चार म्हणजे...”

“नाही हो,” मी म्हणाले. “दीडपट नाही. चार म्हणजे चारच.”

हे माझ्याकडे बघत राहिले.  मग म्हणाले, “बरं. खिडकी लाव मग.”

मी उठून खिडकी लावली. दादाने मान वर केली नाही.