एक दिवस आधीची पौर्णिमा

आईला घ्यायला खडकीला गेलो तेव्हा ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बॅग जवळ घेऊन बसली होती. विमानाला अजून बराच वेळ होता.

"अगं, वर थांबायचंस ना."

"गुडघ्यांना विचारून खाली उतरले. ते काही दिवसातून दोनदा ऐकत नाहीत."

हडपसरच्या ज्या कंपनीत मी काम करतो, तिनं मला कितीतरी देश दाखवले असं नातेवाइकांना वाटतं. खरं सांगायचं तर त्या देशांतले विमानतळ, हॉटेलच्या खोल्या आणि काचेच्या मीटिंग रूम एवढंच मी पाहिलं आहे. मे महिन्यात सलग दोन आठवड्यांची रजा घेऊन, काम नसताना परदेशात फिरायची माझी ही पहिलीच वेळ. मुलीचे क्लास होते म्हणून बायको पुण्यातच राहिली. देश आईनं निवडला: श्रीलंका. तिची इच्छा एकच होती. बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी संघमित्तेनं ज्या अनुराधपुरात नेऊन लावली, तिथं वैशाख पौर्णिमेला फुलं वाहायची. त्यासाठी एक पांढरी साडी तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत सर्वांत खाली ठेवली होती. गुडघ्यांची अवस्था पाहता पुन्हा येणं होईल असं तिला वाटत नव्हतं.

तारखा मी ठरवल्या. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात बुद्धपौर्णिमा पाहिली, त्या दिवसावर अनुराधपूर ठेवलं आणि उरलेला प्रवास मागेपुढे बसवला. नियोजन हा माझा धंदाच आहे.

कोलंबोहून आम्ही आधी दक्षिणेला गॉलला गेलो. रेल्वे समुद्राच्या इतक्या कडेनं जाते की एका वळणावर आईनं पाय वर घेतले. सकाळच्या नाश्त्याला इंडिअप्पा (तांदळाच्या शेवयांच्या चकत्या) आणि पोल संबोल (ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी) असे. "आपलीच चटणी," आई म्हणाली, "फक्त समुद्र बघून आलेली." तिथेच आम्हाला सुनील भेटला. एका जुन्या व्हॅनचा मालक आणि चालक, पन्नाशीचा, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा. नाव ऐकताच आईनं त्याला घरातला करून टाकलं. "खडकीत आमच्या गल्लीत तीन सुनील आहेत. हा चौथा. फक्त हा वेळेवर येतो."

पुढचे दिवस सुखाचे गेले. मी फोन खोलीत ठेवून बाहेर पडायला शिकलो. किनाऱ्यावर आई गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि मी तिच्या चपला धरून वाळूत. एका देवळातून मी दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला घालून निघालो, तर त्यांचा मालक अनवाणी धावत आला आणि रागावण्याऐवजी माझ्या चपला हातात देऊन हसत उभा राहिला.

मग सुनीलच्याच व्हॅननं डोंगरात, एला नावाच्या गावी आलो. घरगुती लॉजच्या मालकीणबाई पडवीत बांबूच्या काड्यांना रंगीत कागद चिकटवत होत्या.

"वेसाकचा कूडू," त्या म्हणाल्या. वेसाक म्हणजे वैशाख पौर्णिमा आणि कूडू म्हणजे आकाशकंदील. "परवा लावायचा."

"परवा नाही, तेरवा," मी म्हटलं.

"परवा. सरकारी सुट्टी आहे." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची दिवाळी कधी असते ते त्यांना शिकवत होतो.

मी फोनवर पाहिलं. बरोबर त्याच होत्या. श्रीलंकेची पौर्णिमा आमच्या कॅलेंडरच्या एक दिवस आधी होती.

आता कबूल करतो. त्याच वेळी आत जाऊन आईला सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सुनीलच्या व्हॅनमधून थेट अनुराधपूर गाठता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी कँडीच्या प्रसिद्ध डोंगरी रेल्वेची तिकिटं होती, ती मला सोडवेनात. आणि संध्याकाळी कँडीच्या हॉटेलातून मी ऑफिसची एक मीटिंग कबूल करून बसलो होतो. हे आईला ठाऊक नव्हतं. तिला काय, तिची पौर्णिमा आपल्या कॅलेंडरची, असं मी स्वतःला समजावलं. सुनीलनं विचारलं, "आम्मांना वेसाकला अनुराधपुरात असायचं आहे ना?" मी म्हटलं, "बघू." तो मान हलवून रिकामी व्हॅन घेऊन कँडीला निघाला.

रेल्वेत आईला खिडकी मिळाली. "हे डोंगर न्हाव्याकडून आत्ताच उठून आलेत," चहाचे मळे पाहून ती म्हणाली. मी तिला धबधबे दाखवत होतो, बोगदा आला की आधी सांगत होतो. नेहमीपेक्षा जास्तच बोलत होतो. संध्याकाळी औषध आणायला जातो असं सांगून हॉटेलच्या खालच्या खोलीत मीटिंग उरकली.

सकाळी आई गॅलरीत आली. रस्त्यावरचे सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. म्हातारे, बायका, कडेवरची पोरं, सगळ्यांच्या हातांत कमळं.

"मिलिंदा, आज काय आहे?"

"इथली पौर्णिमा. एक दिवस आधी असते."

"तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "परवा," मी म्हटलं.

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा पांढरी साडी नेसली होती. "चल," एवढंच म्हणाली.

अनुराधपूर म्हणजे एरवी काही तासांचा रस्ता. पण वेसाकला रस्ता गाड्यांचा नसतो. जागोजागी दन्सल (रस्त्यावरचं अन्नदान) लागलेलं. लोक झेंडे घेऊन गाड्यांसमोर उभे राहतात आणि जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. पहिली दोन मी सुनीलला टाळायला लावली. मला उशीर भरून काढायचा होता. आणि लहानपणापासूनची शिकवणही होती. वडील दारूगोळा कारखान्यात कामाला, ते नेहमी सांगत की फुकटच्या पंगतीत बसायचं नाही, कुणापुढं हात पसरायचा नाही. तिसऱ्या ठिकाणी एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ व्हॅनच्या नाकासमोरच येऊन उभे राहिले.

"पुढे घे," मी म्हटलं.

सुनीलनं इंजिन बंद केलं. "सर, घेणारा थांबला नाही तर देणाऱ्यानं द्यायचं कुणाला? त्यांनी पहाटेपासून कंद उकडलेत."

आईनं दार उघडलं होतं. "उतर. आज एकाला तरी हवं ते मिळू दे."

उकडलेला कंद, वर तीच खोबऱ्याची चटणी. गृहस्थांनी विचारलं, कुठून आलात? सुनीलनं सांगितलं, इंडिया.

"हिंदू?"

"बौद्ध," आई म्हणाली. त्यांना ते खरं वाटेना. इंडियात आता बौद्ध कुठले, असं त्यांनी सुनीलला विचारलं असावं. आईनं कंदाची ताटली माझ्या हातात दिली, हात जोडले आणि म्हणाली, "नमो तस्स भगवतो अरहतो..."

"...सम्मासम्बुद्धस्स," गृहस्थांनी पुरं केलं. मग त्यांनी आजूबाजूच्या सगळ्यांना हाका मारून बोलावलं आणि आईला आणखी दोन कंद वाढले.

ऊन उतरलं तरी आम्ही अर्ध्याच वाटेवर होतो. आईनंच निर्णय घेतला. "अंधारात धडपडत पोचण्यात अर्थ नाही. सुनील, जवळचं विहार दाखव."

ते एका खेड्यातलं छोटं विहार होतं. पिंपळाखाली चटयांवर बायका बसल्या होत्या. त्यांनी सरकून आईला जागा केली, एकीनं तिच्या गुडघ्याखाली उशी दिली. वंदना सुरू झाली. शब्द तेच, जे मी दर रविवारी खडकीत ऐकत मोठा झालो. चाल मात्र त्यांची संथ, लांबवलेली. आमची कामावर जायच्या घाईतली. पंचशीलात आई एक ओळ पुढे निघून गेली आणि एकटीच पडली. बायका हसल्या, आईही हसली. मग पुढची ओळ त्या जरा लवकर म्हणाल्या आणि आई जरा हळू. शेवटचं "साधु, साधु, साधु" सगळ्यांनी एकत्र म्हटलं.

बाहेर व्हॅनपाशी मी म्हणालो, "आई, मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"हो."

व्हॅनमध्ये चढता चढता ती म्हणाली, "दिवस चुकला त्याचं काही नाही. काल गाडीत तू मला एवढं काय काय दाखवत होतास. मला वाटलं, पोरगा खुशीत आहे. त्याचं वाईट वाटलं."

मग मी मीटिंगचंही सांगून टाकलं. ती म्हणाली, "औषध आणलंच नाहीस, तेव्हाच कळलं."

दुसऱ्या दिवशी अनुराधपूर गाठलं. गर्दी ओसरली होती. पांढऱ्या कपड्यांतली माणसं वाळू झाडत होती. आईनं कमळं ठेवली आणि बोधिवृक्षाभोवतीच्या सोनेरी कठड्यापाशी कितीतरी वेळ उभी राहिली. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. "खडकीत आत्ता वंदना चालू असेल," एवढंच ती परतताना म्हणाली.

पुण्याला आल्यावर विहारात आईनं सगळा प्रवास सांगितला. सुरुवात माझ्यापासून केली: "याला कळलं होतं, यानं सांगितलं नाही." मी मान खाली घातली. विहारातले कांबळेकाका म्हणाले, "काय मिलिंदराव, कॉम्प्युटरमध्ये पौर्णिमा येत नाही का?" सगळे हसले, मलाही हसू आलं. मग ती कंदावर आली, उशी देणाऱ्या बाईवर आली. ऐकताना जाणवलं की तिच्या प्रवासात माझी चूक होती, पण प्रवास चुकीचा नव्हता. मी चूक लपवली होती तेव्हा ती फार मोठी होती. तिनं चारचौघांत सांगितली आणि ती गोष्टीतल्या इतर गोष्टींएवढीच झाली.

पुढच्या पौर्णिमेला विहारात खीर होती, नेहमीसारखी आपल्या आपल्यात. आईनं टेबल रस्त्यावर मांडायला लावलं आणि गाड्या थांबवायला मला उभं केलं. वटपौर्णिमेच्या उपवासामुळे निम्म्या बायका नको म्हणाल्या. एकानं विचारलं, "कुठल्या वॉर्डातून उभे आहात?" शेवटी एक रिक्षावाला थांबला.

"खीर कशाची?"

"पौर्णिमेची."

"पण पौर्णिमा आज की उद्या? बायको म्हणते आज, आई म्हणते उद्या."

मी मागे बघितलं. आईनं वाटी भरून पुढे केली. "आज खा," ती म्हणाली. "उद्या असली तर उद्याही ये."