ड्रिबल बंद

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या पोटातलं सगळं आपल्याला कळतं, असं तिचं मत आहे. मी एरवी बोलका माणूस. लग्नात, बारशात, मैदानाच्या कट्ट्यावर किस्से मीच सांगतो, नकला करतो, लोक हसून लोळतात. हा किस्सा तेवढा वगळतो. का? कारण यातला हलकट मी आहे.

मी मुलींना बास्केटबॉल शिकवायचो. पाच-पाचचा पूर्ण सामना क्वचित. बहुतेक वेळा अर्ध्या मैदानावर तीन विरुद्ध तीन. मुली कमी, म्हणजे प्रत्येकीच्या हाती चेंडू — लपायला जागाच नाही! आणि नियम माझे. आज फक्त डावा हात. आज ड्रिबल बंद, म्हणजे टप्पे देत चेंडू न्यायचा नाही, नुसते पास. नियम बदलला की पोरी डोकं चालवतात. या पद्धतीवर मी भाषणं ठोकलीत, टाळ्या घेतल्यात. आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

नूतन पंधरा वर्षांची. वडील कसब्यात बांबूच्या टोपल्या विणायचे. तिच्यासारखं ड्रिबल मी नंतर पाहिलं नाही. जिल्ह्याचा संघ निवडायला एक बाई आमच्या मैदानावर येणार होत्या. त्या वयोगटातलं नूतनचं ते शेवटचं वर्ष. पण निवड झाली की शिबिर, आणि शिबिराच्याच आठवड्यात आमची उन्हाळी स्पर्धा. नूतनशिवाय कप? विसरा.

कप! वीतभर पत्रा!

बाई यायच्या आधी मी तीन-तीनचे संघ पाडले आणि नूतनच्या संघाला म्हणालो, "तुमचं आज ड्रिबल बंद." दुसऱ्यांना मोकळीक. पोरींना यात नवल कसलं? नियम तर रोजच बदलायचे. बाईंना मात्र मी काही सांगितलं नाही. नूतनने नियम प्रामाणिकपणे पाळला. चेंडू आला — थांबली — पास. समोर बास्केटपर्यंत मोकळी वाट — तरी पास.

"अहो सर, या मुलीला ड्रिबल येत नाही का?" बाईंनी विचारलं.

"प्रयत्न चालू आहेत, मॅडम." वर हसलो. निर्लज्ज!

तिचं नाव यादीत आलं नाही. कप मिळाला — तिनेच मिळवून दिला.

यादी लागली त्या दिवशी तिने विचारलं होतं, "सर, मी कुठे कमी पडले?"

"ड्रिबल कच्चं वाटलं त्यांना."

"पण ते तर बंद होतं ना?"

"आधी सराव चालला होता की. तेव्हा लांबून बघितलं त्यांनी." — हे दुसरं खोटं. पहिल्याहून सफाईदार. कुठून सुचलं एवढ्या पटकन?

तिने विश्वास ठेवला. का ठेवू नये? मी सर होतो. दुसऱ्या दिवसापासून ती सगळ्यांच्या तासभर आधी यायला लागली. चपला ओळीने मांडायची आणि त्यांच्यामधून चेंडू काढायची, घामाने निथळेपर्यंत. मी बाजूला उभा राहून सांगायचो — मान वर. मनगट सैल. पुन्हा कर.

तिचं मनगट सैलच होतं.