खजूर न वाटलेला जामीनदार

ती केस आठवली की मला अजून हसू येतं आणि जरा घामही फुटतो! म्हणायला रिटायर, पण मी तिशीतलाच. खाकी सोडून कतारला, दोह्यात आलो, वेस्ट बेमधल्या एका टॉवरची सिक्युरिटी बघतो. पण तेव्हा रत्नागिरीकडच्या एका ठाण्यात पीएसआय होतो.

आमच्या हद्दीतल्या एकाला मारामारीच्या केसमध्ये सेशन्स कोर्टाने शिक्षा दिलेली. अपील हायकोर्टात. अपिलाचा नंबर लागायला वर्षं जातात, म्हणून हायकोर्टाने तोवर शिक्षा थांबवून जामीन दिला. निर्दोष सोडलं नव्हतं हां, फक्त निकालापर्यंत बाहेर. पण जामीनदार पास झाला तरच सुटका. आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या मुलीचा निकाह!

त्याचा चुलतभाऊ जामीनदार म्हणून उभा राहिला. नावावर जमीन होती. पडताळणी माझ्याकडे आली, तेवढ्यात जामीनदाराच्या शेजाऱ्याचा फोन.

"साहेब, तो कतारला आहे. कोर्टात गेला तो डुप्लिकेट. खरा आला असता तर आमच्याकडे खजूर नसता आला?"

मला पटलंच ना! गल्फवाला गावात उतरला की संध्याकाळच्या आत घरोघर खजूर, अत्तर पोचतं. आणि बोगस जामीनदार तर आम्ही नेहमीच पकडायचो. आणला त्याला ठाण्यात.

"पासपोर्ट?"

"सासुरवाडीला राहिला, साहेब. मेव्हणा घेऊन निघालाय."

"गावात स्वतःचं घर असताना सासुरवाडीला?"

त्याची मान खाली. माझा संशय पक्का!

त्याच्याकडून त्याच्या दोह्यातल्या रूममेटचा नंबर घेतला आणि माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. इंडस्ट्रियल एरियातली कामगारांच्या कॅम्पची खोली दिसली.

"तुझा पार्टनर कुठाय?"

"ड्युटीवर, साहेब! आत्ताच कंपनीच्या बसने गेला. अल्ला कसम!"

माझ्यासमोरचा माणूस उडालाच. "अरे गाढवा, खरं सांग! आत टाकतील मला!"

"आँ? तू तिथे?" रूममेट किंचाळला. "तूच बोललास ना, कोणी विचारलं तर ड्युटीवर सांग!" मग त्याने कॅमेरा फिरवला. "हा बघा साहेब त्याचा बेड, गादी गुंडाळलेली. मीच एअरपोर्टला सोडला. इमर्जन्सी लीव्ह मिळाली, यल्ला, चल म्हणत निघाला. खजूर घ्यायलाही वेळ नव्हता, बॅगेत काय भरणार?"

मी जामीनदाराकडे बघितलं.

"हात हलवत गावात कसा जाऊ, साहेब? सगळे आधी बॅगेकडे बघतात. सही करून गुपचूप परत जाणार होतो."

"आणि निकाह?"

"नव्हतोच जाणार."

मेव्हणा पोचला. पासपोर्टवरचा फोटो जुळला, एअरपोर्टचा शिक्का ताजा होता. कतारची नोकरी वगैरे सगळं खरं खरं लिहून रिपोर्ट दिला आणि कोर्ट उठायच्या आत स्वतः पोचवला. कोर्टाने जामीनदार मान्य केला. संध्याकाळी मुलीचा बाप जेलबाहेर!

निकाहला मला बोलावणं होतं. जामीनदाराला मीच ओढत नेलं. मांडवात तोच शेजारी! "काय रे, कतारवरून हात हलवत आलास?"

मुलीचा बाप पुढे झाला. "हलवत कुठे, भाऊ? मला आणलं ना त्याने!"

सगळा मांडव हसला, शेजारीपण!

अपील अजून लटकलेलंच आहे म्हणे, पण मुलीचा बाप प्रत्येक तारखेला हजर असतो. मी मात्र त्या दिवशी एक शिकलो. कोणी लपताना सापडला की आधी विचारायचो, "कोणाला घाबरतोयस, पोलिसांना की शेजाऱ्यांना?" निम्म्या वेळा शेजारीच निघायचे!