दाजी काय म्हणाले

हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ताईजवळ तर नाहीच. सांगण्याजोगे प्रसंग पुष्कळ आले. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध. प्रत्येक वेळी पानात वाढलेलं मुकाट्याने जेवून उठलो. आता तुम्हाला सांगतो. मध्येच थांबलो तर चष्मा पुसतोय असं समजा. शेवटापर्यंत जाणार आहे, हे नक्की.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. कोपरीचे कोळी. तरुणपणी खाडीत जाळं टाकायचे. जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त यायला लागल्यावर रिक्षा चालवली. गालात तंबाखू कायम. मी डोंबिवलीला राहतो, कॉलेजातला निवृत्त ग्रंथपाल, म्हणून त्यांनी मला नाव ठेवलं होतं 'पंडित'. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, याच्या खोलात मी कधी गेलो नाही.

त्यांना जिभेचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये जीभ बरीचशी गेली, नंतर रेडिएशनचे शेक दिले, आणि तरीही वर्षाच्या आत गाठ मानेत परत आली. दाजी बोलायचे ते तोंडात भाताचा घास धरून बोलल्यासारखं. ते दोघांनाच कळायचं, ताईला आणि मला. ताई डॉक्टरांसमोर घाबरायची, बाहेर बाकावर बसून राहायची. आत एकाच नातेवाइकाला सोडत. तो मी. 'दाजींची जीभ आता मीच' — हे वाक्य मी लोकांना ऐकवायचोसुद्धा. म्हणताना किती बरं वाटायचं!

ठाण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नव्या उपचारांची चाचणी चालू होती. मीच शोधून काढली. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करून कॅन्सरवर सोडायची. त्यासाठी एका औषधाऐवजी दोन एकत्र दिली तर जास्त उपयोग होतो का, ते पाहायचं. कुणाला एक, कुणाला दोन, हे संगणक ठरवणार. दाजींच्या वाट्याला दोन आली. त्या इमारतीत शिरताच खोटा धबधबा, आणि त्याच्या शेजारी उद्घाटकांच्या नावांची संगमरवरी पाटी. तिथे साधं बोलणारा डॉक्टर भेटेल असं वाटलं नव्हतं. भेटला. उपयोग होईलच असं नाही, म्हणाला. जागी झालेली शक्ती कधीकधी आपल्याच आतड्यांवर, फुप्फुसांवर उलटते. आणि वाटेल त्या दिवशी, कारण न देता थांबता येईल. दुखणं कमी करण्याचे उपचार चालूच राहतील. हे सगळं मी दाजींना घरी नीट समजावलं. तेवढं माझ्या बाजूने — नाही, बाजू राहू द्या.

पहिल्या स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसली. कोपरीच्या मंडळाने वार्षिक कार्यक्रमात सत्कार केला. दाजींचा नाही, माझा. शाल, श्रीफळ, आणि 'दाजींना नवजीवन देणारे' असा मायकवरून गजर. जन्मभर मी शालींची टिंगल केली आहे. शाल पांघरली की माणूस फर्निचरसारखा झाकला जातो, असं कॉलेजात म्हणायचो. ती शाल मी घरी येऊन, घाम निथळत असताना, आरशासमोर पुन्हा पांघरली. याला काय म्हणायचं?

नंतर दाजी उतरत गेले. खाज, थकवा, अन्नावरची वासना गेलेली. डॉक्टरांच्या लेखी ते सोसण्याजोगं होतं. दाजींच्या लेखी नव्हतं. नारळी पौर्णिमा जवळ आली होती. आणि सलाइनमधून पुढचं औषध द्यायच्या दिवशी, डॉक्टरांच्या खोलीत, ते माझ्याकडे वळून म्हणाले, "पुरा झाला, पंडित. त्याला सांग, आता सुई नको. पुनवेला मना घरा ऱ्हायाचा हाय."

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणतात?

मी म्हणालो, "म्हणतात, थकलोय, पण सोडायचं नाही."

झालं. एवढंच. वाचून कदाचित किरकोळ वाटेल. पण त्यांना घरी जायचं होतं, आणि मला सत्कारानंतर दुसऱ्याच महिन्यात 'थांबवलं' असं मंडळाला सांगायचं नव्हतं. त्यांच्या जिवाची काळजी होती म्हणून बोललो, असं मी पुढे स्वतःला बरेच दिवस पटवलं. मी बरंच वाचलेलं असल्यामुळे मला पटवणं सोपं जातं.

डॉक्टरांनी दाजींच्या खांद्यावर थोपटलं, जिद्दीचं कौतुक केलं. दाजींचे कान शाबूत होते, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसती नकाराची मान हलवली असती तरी पुरे होतं. पण आमच्यात मेहुण्याला परक्यासमोर खोटं पाडत नाहीत. दाजींनी सदऱ्याची बाही वर केली आणि हात पुढे केला. सुई लागली, नर्स गेली, तेव्हा एवढंच बोलले, "शाल वाचली तुजी, पंडित."

पुढे फुप्फुसं सुजली. डॉक्टरांनी औषध तिथेच थांबवलं, होतं नव्हतं ते केलं. नारळी पौर्णिमेला कोपरीत होड्या सजल्या तेव्हा दाजी अतिदक्षता विभागात होते. तिथून ते घरी आले नाहीत. औषधामुळे की आजारामुळे, डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही. मला त्या उत्तराच्या आडोशाला उभं राहायचं नाही. चाचणीत खोट नव्हती. अशा चाचण्या झाल्याच पाहिजेत. पण चाचणी सगळी उभी असते माणसाच्या स्वतःच्या 'हो'वर. दाजींचा तो 'हो' माझा होता.

इथवर लिहिलं आणि थांबलो. ताईला हे छापील कागदावरून कळणं बरं नव्हे. काल कोपरीला गेलो. ती बोंबील साफ करत होती. सगळं सांगितलं, शालीसकट. तिचे हात थांबले. म्हणाली, "ते काय बोलले? बोलले तसाच सांग."

मी सांगितलं. पुरा झाला, पंडित. त्याला सांग, आता सुई नको. पुनवेला मना घरा ऱ्हायाचा हाय.

"परत सांग."

परत सांगितलं. एकही शब्द न बदलता.